त्रयोदशीचा दिवा



आश्विन वद्य त्रयोदशीस सायंकाळी कणकेचा दिवा करून, त्यात तेल घालून, त्याची वात दक्षिणेकडे करून तो घराबाहेर ठेवावा, असा आपल्याकडे जुना प्रघात आहे. दक्षिण ही यमधर्माची दिशा. एरवी वर्षभर दिव्याची ज्योत दक्षिणेकडे होऊ नये म्हणून घरातील वडीलधारी मंडळी किती दक्षता घेतात, हे आपण सर्वजण जाणतोच. एखाद्या लेकराने समई चुकून त्या अंगास वळवली तर आजी लगबगीने येऊन ती नीट करते. परंतु या एका संध्याकाळी तीच आजी आपल्या हाताने दिवा दक्षिणाभिमुख करते, यमाचे स्मरण करते आणि घरातील कोणासही अपमृत्यू न यावा अशी प्रार्थना करते. यास यमदीपदान म्हणतात.

या प्रार्थनेतील शब्द लक्षात घेण्यासारखा आहे. अपमृत्यू टळावा, एवढेच मागणे आहे. मृत्यूच टळावा असे आपल्या पूर्वजांनी मागितले नाही. अवेळी, अपघाताने, अकाली येणारे मरण दूर राहो; वेळेवर येणाऱ्यासाठी मात्र दारात दिवा तेवत असो, असा या विधीतील समंजसपणा आहे.

या पुस्तिकेत देवस्थानाचे माहात्म्य, नित्योपचार, निवास व महाप्रसादाची व्यवस्था यांविषयीची माहिती आपणांस अन्यत्र मिळेलच. शरद ऋतूत, म्हणजे आश्विन-कार्तिकात, येथे दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंची संख्या मोठी असते. कोजागिरीस येणारे असतात, दिवाळीच्या सुटीत मुलाबाळांसह येणारे असतात, कार्तिकी वारीस पंढरीला अथवा आळंदीला जाता-येता वाट वाकडी करून येणारे असतात. त्यांच्यासाठी या ऋतूविषयी आणि या एका दिव्याविषयी चार शब्द सांगावे, एवढाच या प्रवचनाचा हेतू आहे.

आज एखाद्या शाळकरी मुलास धनत्रयोदशी म्हणजे काय असे विचारले, तर तो चटकन सांगेल की त्या दिवशी सोने घ्यायचे असते. नाहीतर भांडे, नाहीतर नवा मोबाईल, नाहीतर गाडी. वर्तमानपत्राची पहिली तीन पाने त्या दिवशी जाहिरातींनी भरलेली असतात आणि मूळ बातमीचे पान शोधावे लागते. धन्वंतरीचे पूजन काही घरांत होते, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु दक्षिणेकडील दिवा हळूहळू विसरला जात आहे. ज्या तिथीस यमाची आठवण ठेवावयाची, ती तिथी खरेदीच्या मुहूर्तात संपूर्ण बुडून गेली, हा केवळ योगायोग आहे असे मला वाटत नाही. मनुष्यास मृत्यूचे स्मरण झाले की त्याची खरेदीची घाई ओसरते, आणि ती ओसरू नये यातच ज्यांचा लाभ आहे, त्यांना त्या दिव्याचे अगत्य कसे असणार?

दिवाळीचे सर्वच दिवस पाहा. त्रयोदशीस यमदीपदान. दुसऱ्या दिवशी, नरकचतुर्दशीस, अभ्यंगस्नानानंतर यमतर्पण करण्यास शास्त्राने सांगितले आहे. आणि शेवटी भाऊबीज, तिचे शास्त्रोक्त नाव यमद्वितीया. त्या दिवशी प्रत्यक्ष यम आपल्या बहिणीच्या, यमुनेच्या घरी जेवावयास गेला, अशी कथा आहे. ज्याच्या नुसत्या नावाने त्रैलोक्य कापते, तो त्या दिवशी पाटावर बसून बहिणीकडून ओवाळून घेतो, तिने वाढलेले अन्न आनंदाने जेवतो. आपल्या परंपरेने आनंदाच्या सर्वांत मोठ्या सणाच्या दोन्ही टोकांस यमाला बसविले आहे, आणि त्यामुळे सणाचा आनंद कोठेही उणावलेला नाही. फराळ आहे, रांगोळी आहे, आकाशकंदील आहे, आणि दाराबाहेर एक दिवा दक्षिणेकडेही आहे.

त्याआधीचा पितृपक्ष तर सर्वांच्या ओळखीचा आहे. भाद्रपदाच्या वद्य पक्षात पंधरा दिवस आपण गेलेल्या माणसांची आठवण काढतो. या पंधरवड्यात नवी खरेदी करू नये असा समज आहे, आणि बाजारास हे पंधरा दिवस जड जातात, म्हणून हल्ली त्याही काळात सवलतींचे फलक लागतात. वर्षभरात एक पंधरवडा तरी मनुष्याने दुकानाकडे न पाहता आपल्या आजोबा-पणजोबांकडे पाहावे, ही गोष्ट ज्याने कोणी योजिली तो फार मोठा मानसशास्त्रज्ञ असला पाहिजे.

आता प्रत्यक्ष ऋतूकडे वळू. शरद हा शब्द उच्चारताच आपल्या मनात काय उभे राहते? चार महिने कोसळून थकलेले आभाळ एके सकाळी धुतल्यासारखे निळे दिसते. डोंगरउतारावर सोनकीची पिवळी फुले डोलत असतात. ओढ्यांचा गढूळपणा खाली बसतो आणि तळातील गोटे मोजता येतात. मावळात आणि कोकणात भाताची शेते पिवळी पडू लागतात. ओंबी जसजशी भरते तसतशी ती खाली वाकते. घाटावर रब्बीच्या ज्वारीची पेरणी उरकलेली असते. झेंडू, शेवंती यांनी बाजारपेठ भरून जाते. रात्री दव पडते आणि पहाटे अंगणात पारिजातकाचा सडा पडलेला असतो.

या पारिजातकाविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे. जमिनीवर पडलेले फूल देवास वाहू नये, असा आपल्याकडे सर्वसाधारण नियम आहे. पारिजातक त्यास अपवाद आहे. त्याचे फूल रात्री उमलते आणि उजाडण्याच्या सुमारास आपोआप गळते. झाडावरून ते तोडावे लागत नाही. म्हणून भुईवरून वेचलेले ते फूल देवाच्या मस्तकी चालते. ज्याचे गळणे हीच ज्याची अर्पण होण्याची रीत आहे, असे हे शरदातील फूल. पहाटे काकड्याच्या वेळी ओंजळीत परडी धरून ते वेचणाऱ्या स्त्रिया आपण या देवळाच्या आवारातही पाहिल्या असतील. त्यांपैकी कोणासही ते फूल गळाले म्हणून हळहळ वाटत नाही.

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात विसाव्या अध्यायात वर्षा आणि शरद या दोन ऋतूंचे विस्तृत वर्णन आले आहे. व्रजातील रानात श्रीकृष्ण-बलराम गोपाळांसह हिंडत असता ऋतू पालटतो, असा तो प्रसंग आहे. त्या वर्णनाचा विशेष असा की प्रत्येक दृश्यास एका आध्यात्मिक अनुभवाची जोड दिली आहे. शरदातील मेघांविषयी तेथे जे म्हटले आहे त्याचा आशय असा: मेघांनी आपल्याजवळचे सर्वस्व देऊन टाकले आणि मगच ते शुभ्र दिसू लागले, जसे वासना टाकलेले शांत मुनी शोभून दिसतात. पावसाळ्यातील ढग काळा असतो, कारण तो भरलेला असतो. शरदातील ढग रिकामा आहे, म्हणूनच पांढरा आहे आणि डोळ्यांस सुख देतो.

त्याच अध्यायात दुसरे एक चित्र आहे, ते मात्र मनास चटका लावणारे आहे. पाऊस ओसरला आहे, डबक्यांतील पाणी दिवसेंदिवस आटत आहे, आणि त्या उथळ पाण्यात राहणारे जलचर आपल्या भोवतीचे पाणी कमी होत आहे हे जाणतच नाहीत. संसारात गुरफटलेला मनुष्य आपले रोज घटणारे आयुष्य असेच जाणत नाही, असे व्यासांनी तेथे म्हटले आहे. किती नेमके निरीक्षण! त्या माशांना पोहता येते, खाणे मिळते, आज कालच्यासारखेच दिसते. उणे झालेले पाणी कोणास दिसते? ते काठावर उभे राहणाऱ्यास दिसते. तीर्थयात्रेचा एक उपयोग हाच की मनुष्य चार दिवस आपल्या डबक्याबाहेर येऊन काठावर उभा राहतो.

आपले वैदिक पूर्वज आयुष्य शरदांनी मोजत. शंभर वर्षे पाहावे, शंभर वर्षे जगावे, अशी जी प्रार्थना आहे, तिच्यात वर्ष या अर्थी शरद हाच शब्द आहे. वसंतात पालवी असते, वर्षेत समृद्धी असते, तरी आयुष्याचे माप म्हणून त्यांनी निवडला तो पिकण्याचा ऋतू. धान्य पिकते, पाणी निवळते, आकाश मोकळे होते, असे शंभर वेळा पाहावयास मिळो, ही त्यांची इच्छा. जगण्याची इच्छा त्यांनी कधीही हीन मानली नाही, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. मृत्यूचा स्वीकार म्हणजे जीवनाचा कंटाळा, असे जे समजतात त्यांनी ही प्रार्थना पाहावी.

कठोपनिषदातील नचिकेत्याची कथा आपण ऐकलेली असेल. तिच्याकडे आज थोड्या वेगळ्या दृष्टीने पाहू. नचिकेत्याच्या पित्याने विश्वजित यज्ञ केला. या यज्ञात यजमानाने सर्वस्व दान करावयाचे असते. पित्याने गाई दिल्या खऱ्या, पण त्या कशा होत्या? पाणी पिऊन झालेल्या, चारा खाऊन झालेल्या, दूध देऊन संपलेल्या. पुन्हा वासरू होण्याची आशा नसलेल्या. ज्यांचा आपल्याला काही उपयोग उरला नाही अशा गाई त्याने पुण्य म्हणून दुसऱ्याच्या दारी बांधल्या. ते पाहून त्या बालकाच्या मनात श्रद्धा जागी झाली, असे उपनिषद सांगते. श्रद्धा हा शब्द तेथे नेमक्या या ठिकाणी यावा, हे विचार करण्याजोगे आहे. पित्याचे लबाडीचे दान पाहून पुत्रास श्रद्धा आली! त्याने विचारले, मला कोणास देता? आणि रागाच्या भरात बाप म्हणाला, मृत्यूला देतो.

दानशूर मंडळींनी रागावू नये, परंतु आम्हां देवस्थानात वावरणाऱ्यांना ही कथा वरचेवर आठवते. घरात नवी वस्तू आली की जुनी कोठे ठेवावी हा प्रश्न पडतो, आणि मग ती देवळास, आश्रमास किंवा पूरग्रस्तांस दिली जाते. बिघडलेले पंखे, विरलेली पांघरुणे, मुदत संपलेली औषधे. नदीच्या घाटावर सोडलेली वस्त्रे हा तर सर्वच क्षेत्रांतील मोठा प्रश्न झाला आहे. स्नान करून पाप गेले, असे समजून अंगावरचे कापड पाण्यात सोडले जाते. ते पाप गेले असेल किंवा नसेल, कापड मात्र बंधाऱ्यास अडकून राहते. भागवतकार म्हणतात शरदात पाणी योग्यांच्या चित्तासारखे निर्मळ होते. आणि आपण अलीकडच्या वर्षांत आळंदीस इंद्रायणीच्या पात्रावर पांढरा फेस तरंगताना पाहिला आहे. तो फेस वरच्या अंगास असलेल्या शहरांतून आणि कारखान्यांतून आलेल्या सांडपाण्याचा आहे. म्हणजे आपणच वापरलेल्या, धुतलेल्या आणि फेकलेल्या वस्तूंचा तो शेवटचा अंश आहे. वस्तू घरातून गेली म्हणजे संपली, असे नसते. ती माउलींच्या दारापर्यंत वाहत येते.

नचिकेता यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिला. यमाने त्यास तीन वर दिले, आणि तिसऱ्या वराने त्या मुलाने मृत्यूनंतर काय उरते हे विचारले. तेव्हा यमाने त्याला टाळण्याचा प्रयत्न केला. कसा? तर त्याच्यापुढे वस्तूंची यादी ठेवली. शतायुषी मुले-नातवंडे घे, हत्ती-घोडे घे, सोने घे, विस्तीर्ण भूमी घे, रथांसह आणि वाद्यांसह सुंदर स्त्रिया घे. आणि स्वतः जितके शरद जगावेसे वाटतील तितके जग. पाहा, यमाच्या तोंडीही शरद हाच शब्द आहे. पण एवढा एक प्रश्न विचारू नकोस, असे तो म्हणाला. नचिकेत्याने उत्तर दिले की या सर्व गोष्टी उद्यापर्यंत टिकतील की नाही याचा भरवसा नाही, त्या इंद्रियांचे तेज झिजवितात, आणि धनाने मनुष्याची तृप्ती होत नसते. तुझी वाहने, तुझे नाचगाणे तुझ्यापाशीच राहू दे.

आजच्या बाजाराचे मर्म यमाच्या या भाषणात आहे. पुष्कळ वस्तू द्यावयाच्या, म्हणजे मनुष्य तो एक प्रश्न विचारावयाचे विसरतो. यमास निदान हे ठाऊक होते की तो परीक्षा घेत आहे.

आपल्या देशात १९९१ सालापासून आर्थिक धोरण पालटले आणि त्यानंतरच्या एका पिढीच्या अवधीत मध्यमवर्गाच्या घराचे रूप बदलून गेले. हे सर्व वाईट झाले, असे म्हणणारा मी नव्हे. चुलीच्या धुराने डोळे गमावलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. गॅस आला, मिक्सर आला, त्यांचे हात मोकळे झाले, त्याचे मला समाधानच आहे. दारिद्र्याचे गोडवे गाणे हा भरल्या पोटाचा उद्योग आहे. परंतु गरज कोठे संपली आणि हाव कोठे सुरू झाली हे ओळखण्याची खूण आपण हरवून बसलो आहोत. पूर्वी पैसे साठवून वस्तू घेत; आता वस्तू आधी येते आणि पैसे हप्त्याहप्त्याने मागाहून जातात. पूर्वी वस्तू मोडल्यावर दुरुस्त होत असे. आता ती मोडण्यापूर्वीच जुनी होते. आणि जुने होणे हा जणू अपराध झाला आहे. हीच दृष्टी मग माणसांकडेही वळते. सुरकुती लपवावी, पिकलेला केस लपवावा, वय विचारले तर टाळावे. जी संस्कृती आयुष्य पिकण्याच्या ऋतूने मोजत होती, तिच्या वारसांना पिकण्याची लाज वाटू लागली आहे.

दसऱ्याचेच उदाहरण घ्या. आपण आपट्याची पाने सोने म्हणून देतो. त्यामागील कथा रघुवंशाच्या पाचव्या सर्गात कालिदासाने सांगितली आहे. कौत्स नावाच्या शिष्याने गुरुदक्षिणेसाठी रघुराजाकडे चौदा कोटी सुवर्णमुद्रा मागितल्या. रघूने नुकतेच विश्वजित यज्ञात सर्वस्व दिले होते. अतिथीस अर्घ्य देण्यास त्याच्यापाशी मातीचे पात्र तेवढे उरले होते. त्याने कुबेरावर स्वारी करण्याचे ठरविले, तोच रात्री कुबेराने त्याच्या कोषागारात सुवर्णाचा वर्षाव केला. रघू म्हणाला, हे सर्व तुझेच. कौत्स म्हणाला, मला गुरूला द्यावयाचे आहे तेवढेच पुरे, त्याहून अधिक घेणार नाही. याचक जास्त घेईना आणि दाता काही मागे ठेवीना. लोकपरंपरेत पुढे असे सांगतात की ते उरलेले सोने झाडाखाली ठेवून लोकांस लुटावयास दिले. म्हणून दसऱ्यास सोने लुटतात. ज्या दिवशी एकाने पुरे म्हटले आणि दुसऱ्याने उरलेले वाटून टाकले, तो दिवस आपण साडेतीन मुहूर्तांतील खरेदीचा मुहूर्त करून टाकला आहे.

एक प्रसंग सांगतो. दरवर्षी कोजागिरीस येथे सहकुटुंब येणारे एक सद्गृहस्थ होते. सचोटीने धंदा करून वर आलेले, हाताचे सढळ, वृत्तीने भाविक. ऐंशी ओलांडल्यावर त्यांना असाध्य दुखणे झाले. मी त्यांना भेटावयास शहरातील एका रुग्णालयात गेलो, तेव्हा ते अतिदक्षता विभागात होते. नाकातोंडात नळ्या, हातात सुया. वैद्यांनी मुलांना स्पष्ट सांगितले होते की आता यापुढे रोग हटविणे शक्य नाही. थोरला मुलगा मला म्हणाला, "महाराज, पैशाची काळजी नाही. जगात जे मिळत असेल ते आणू." ते बोलताना त्याचे डोळे भरून आले होते. वडिलांवर त्याचे निरतिशय प्रेम होते. पण त्या प्रेमाला एकच भाषा येत होती, आणि ती विकत घेण्याची होती. म्हातारे बोलू शकत नव्हते. बोटाने ते चादरीवर काही अक्षरे काढीत. मुलाला वाटले पाणी हवे आहे. धाकट्या सुनेने वाकून पाहिले आणि ती म्हणाली, "घर म्हणताहेत मामंजी."

त्यांना घरी नेले नाही. आणखी अकरा दिवस ते तेथेच होते आणि तेथेच गेले. शेवटच्या क्षणी जवळ यंत्रांचा आवाज होता. तुळशीचे पान द्यावयास मुले पोचली तेव्हा उशीर झाला होता.

पुढल्या कोजागिरीस तो मुलगा एकटाच आला. आरती झाल्यावर सभामंडपात माझ्यापाशी बसला आणि म्हणाला, "महाराज, माझे चुकले का?" मी इतकी वर्षे प्रवचने करतो, त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. चुकले म्हणावे तर त्याच्या प्रेमावर घाव, नाही म्हणावे तर त्या चादरीवरील अक्षरांशी प्रतारणा. आम्ही दोघे बराच वेळ चंद्राकडे पाहत बसलो.

या विषयावर सांगताना गैरसमज होऊ नये म्हणून स्पष्ट करतो. औषधोपचार करणे हे धर्माविरुद्ध नाही. आयुर्वेद हा उपवेद मानला गेला आहे आणि धनत्रयोदशी ही धन्वंतरीचीही तिथी आहे. बरा होण्याजोगा रोगी बरा करणे हे कर्तव्यच. परंतु जेथे वैद्यकच हात टेकते, तेथून पुढचा काळ विकत घेण्याचा हट्ट किती ताणावा, हा विचार शहाण्या माणसाने शुद्धीत असतानाच करावयास हवा. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि अंतकाळी कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवण्यास मान्यता दिली. जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत अधिक सोपी करण्यात आली. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरीकडून अथवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून तो लेख साक्षांकित करून घेता येतो. प्रत्यक्ष अंमल करताना वैद्यांच्या मंडळांचा निर्णय लागतो, त्यामुळे त्याचा दुरुपयोगही सहजी होणार नाही. त्या थोरल्या मुलाने स्वतःसाठी असा लेख करून ठेवला आहे, हे त्याने मला दोन वर्षांनी सांगितले. मुलांना समोर बसवून त्याने तो वाचून दाखविला. पहिल्यांदा मुली रडल्या, मग प्रश्न विचारू लागल्या. मला वाटते, त्या घरात त्या दिवशी दक्षिणेकडे दिवा लागला.

गीतेच्या आठव्या अध्यायात भगवंत सांगतात की अंतकाळी ज्याचे स्मरण होते ती गती मनुष्यास मिळते, आणि लगेच पुढे म्हणतात की म्हणून सर्व काळ माझे स्मरण ठेव. या "म्हणून"मध्ये सारे आहे. शेवटचा विचार शेवटच्या दिवशी आणता येत नाही. आयुष्यभर ज्याचा सराव केला तेच त्या वेळी ओठांवर येते. भागवतातील भरत राजा राज्य टाकून वनात गेला, पण एका हरिणाच्या पाडसात त्याचा जीव अडकला आणि मरताना तेच आठवल्याने त्याला हरिणाचा जन्म आला. दिवसाकाठी कित्येक तास ज्या काचेच्या पडद्याकडे आपण पाहतो, त्यावरील जाहिरातींची ओळ आपल्या शेवटच्या क्षणी ओठांवर आली तर काय, असा विचार माझ्या मनात अनेकदा येतो आणि मी अस्वस्थ होतो.

धनत्रयोदशीनंतर बरोबर एका महिन्याने कार्तिक वद्य त्रयोदशी येते. शके १२१८ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९६ साली, या तिथीस आळंदी येथे सिद्धेश्वराच्या सन्निध श्रीज्ञानेश्वर महाराजांनी संजीवन समाधी घेतली. वय अवघे एकवीस वर्षांचे. सहा वर्षांपूर्वी, शके १२१२ मध्ये, नेवासे येथे गीतेवरील टीका पूर्ण झाली होती. हातातील कार्य झाले, मागे काही ठेवावयाचे नव्हते, बरोबर काही न्यावयाचे नव्हते. शरदातील मेघाची उपमा ज्यास सर्वांगाने लागू पडावी असे हे जीवन.

ती योगेश्वरांची समाधी होती. सामान्यांनी तिचे अनुकरण करावयाचे नसते, हे सांगणे नको. पण त्या प्रसंगातील दोन गोष्टी आपणां प्रापंचिकांसाठी आहेत. नामदेवरायांनी समाधीच्या अभंगांतून तो सोहळा वर्णिला आहे. त्यात शोक आहे. निवृत्तिनाथ हे वडील बंधू, शिवाय गुरू. ज्यांनी ज्ञान दिले, तेही त्या क्षणी व्याकूळ झाले, असे नामदेवराय सांगतात. मुक्ताई रडली, सोपानदेव रडले, स्वतः नामदेव तर ओक्साबोक्शी रडले. स्वीकार म्हणजे कोरडे डोळे, असे संतांनी कोठेही म्हटलेले नाही. ज्याचे प्रेम आहे तो रडणारच. रडत रडत निवृत्तिनाथांनी हात धरून त्यांना आसनापर्यंत नेले आणि बाहेर येऊन शिळा लावली.

दुसरी गोष्ट लहानशी आहे. समाधीची जागा नामदेवरायांच्या मुलांनी, म्हणजे नारा, विठा, गोंदा आणि महादा यांनी झाडून स्वच्छ केली, असे परंपरेने सांगितले जाते. मला हे चित्र फार आवडते. एवढ्या मोठ्या घटनेपूर्वी चार मुले केरसुणी घेऊन जागा झाडीत आहेत.

माझी एक आत्या होती. तिचे शिक्षण चौथीपर्यंत झाले होते आणि संसार फार लवकर मोडला होता. ती आमच्याच घरी असे. दरवर्षी पितृपक्ष झाला की ती कापूस पिंजून वाती वळू लागे, त्या त्रिपुरी पौर्णिमेस देवळात लावण्यासाठी. बोलता बोलता, भाजी निवडता निवडता तिचा हात चालू असे. चौऱ्याऐंशीव्या वर्षी तिला चालवेना, तरी वाती चालूच. त्या दिवाळीत तिने यमाचा दिवा आपल्या हाताने केला. कणीक मळता मळता माझ्या आईला म्हणाली, "वहिनी, या वर्षी तेल जरा जास्त घालते हो, पाहुणा जवळ आलाय." आईने तिला रागावले. भाऊबिजेस तिने माझ्या वडिलांना ओवाळले आणि पंचमीस पहाटे, पारिजातकाची फुले वेचून आणलेली परडी तिच्या उशाशी असताना, ती गेली. आम्ही सर्व तेथे होतो. कोणी विष्णुसहस्रनाम म्हणत होते, कोणी रडत होते, आणि एक नातू न कळून त्या परडीशी खेळत होता.

पौर्णिमा आली तेव्हा घरात तेरावे व्हावयाचे होते. शेजारच्या बायका येऊन तिच्या वाती घेऊन गेल्या आणि देवळाच्या दीपमाळेवर त्यांनी त्या लावल्या. आम्ही अंगणातून पाहिल्या.

तेराव्यानंतर आईने तिची पत्र्याची पेटी उघडली. दोन लुगडी होती, ज्ञानेश्वरीची पोथी होती, पंढरपूरहून आणलेली तुळशीची माळ होती. आणि तळाशी, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेला, पुढल्या वर्षीच्या वातींसाठी निवडून, सरकी काढून ठेवलेला कापूस होता. त्याच्या वाती दुसऱ्या वर्षी आईने वळल्या.